बाहीवरची घडी

मी एक इस्त्री बोलतेय. बोलणं तेवढं उरलंय म्हणून बोलतेय, तापायचे दिवस गेले. कपाटाच्या माथ्यावर एका मोडक्या टेबलफॅनच्या शेजारी मी पडून असते. माझी वायर मुठीपासून वीतभरावर कापलेली आहे. गंजून, झिजून तुटली असती तर मी चकार शब्द काढला नसता, वय झालं म्हणून गप्प बसले असते. पण ती एका शहाण्या बाईने भाजी चिरायच्या सुरीने कापली, आणि तिचं चुकलं असं मला आजही वाटत नाही.

माझा जन्म कारखान्यातला. आम्हा बहिणींना ओळीत उभं करून तापवायचे, गार करायचे आणि पुन्हा तापवायचे. दोन्ही वेळा जी कुरकुर न करता तापली ती पास. मी पास झाले. हल्लीच्या इस्त्र्या तुम्ही पाहता, रंगीत, गुळगुळीत, उचलली तर हातात आहे की नाही कळू नये अशा. मी जुन्या वळणाची. अंगात वजन आहे आणि ते मी लपवत नाही. कापड वजनापुढे वाकतं, नखऱ्यांपुढे नाही.

दुकानात बरेच दिवस धूळ खाल्ल्यावर एक नवं जोडपं आलं. तो नुकताच पोलिसात भरती झालेला शिपाई. तिने मला उचलून पाहिलं आणि म्हणाली, ही नको, हात भरून येतील. तो म्हणाला, हात माझे भरून येतील, तुझे कशाला? इस्त्री मी करणार. दुकानदाराने भुवया उंचावल्या, ती लाजली आणि मी त्यांच्याबरोबर निघाले. त्या दिवशी त्या घरात दोन नव्या नवऱ्या आल्या म्हणा ना. तोरा दोघींचाही सारखाच होता.

घर म्हणजे पोलीस वसाहतीतल्या दोन खोल्या. भिंती इतक्या पातळ की शेजारी कुणी शिंकलं तर आपण नाक पुसावं. जेवणाचं टेबल हेच माझं मैदान. जेवण आटोपलं की तो टेबल पुसायचा, त्यावर जाड ब्लँकेट अंथरायचा, वर जुनी चादर. मग तळहातावर पाणी घेऊन बोटांनी शिंपडायचा. त्याचा क्रम ठरलेला. आधी कॉलर, मग खांदे, पाठ, पुढचे दोन पदर, आणि बाह्या सगळ्यात शेवटी. बाहीवरची घडी म्हणजे शर्टाची सही, असं तो म्हणायचा. ती खांद्यापासून मनगटापर्यंत सरळ उतरली पाहिजे. जरा इकडे तिकडे झाली की पुन्हा पाणी, पुन्हा पहिल्यापासून.

त्यामुळे वसाहतीत त्याचं नाव पडलं ‘कडक’. खरं नाव पगाराच्या दिवशीच ऐकू यायचं. नाव कडक, पण माणूस लोण्याहून मऊ. चोराला पकडून आणायचा आणि त्याने काही खाल्लंय का ते आधी विचारायचा. मित्र त्याची टिंगल करायचे, हा चोरालाही इस्त्री करून सोडेल.

मग चिमी झाली. म्हणजे त्यांची मुलगी. ती शाळेत जायला लागल्यावर माझ्या कामात एक लहानसा फ्रॉक वाढला. थंडीच्या सकाळी ती टेबलाच्या पायाला बिलगून उभी राहायची, दोन्ही हात वर करून. तो फ्रॉक माझ्याखालून काढून तसाच गरम गरम तिच्या अंगात घालायचा. ती डोळे मिटून घ्यायची आणि म्हणायची, बाबा, अजून गरम कर. माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम कुठलं, असं कोणी विचारलं तर मी गणवेश सांगणार नाही, हा फ्रॉक सांगेन.

एके दिवशी त्याची नेमणूक एका सरकारी कचेरीच्या फाटकावर होती. बातमी आधी घरात आली आणि तो नंतर. बातमी आणली जाड्याने. जाड्या म्हणजे त्याचा बरोबरीचा शिपाई, अंगाने काडी म्हणून नाव जाड्या. तोही फाटकावरच होता. त्याने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं, आणि मी टेबलावरून ऐकलं.

एक तरुण माणूस कचेरीत शिरला. आत काय बिनसलं कुणास ठाऊक, त्याने पिशवीतून सुरा काढला आणि खिडकीवरच्या कारकुनाच्या खांद्यात घातला. तसाच बाहेर धावत आला. फाटकापाशी एक बाई कागद छातीशी धरून उभी होती, तो तिच्याकडे वळला. कडकने थांब म्हणून ओरडून सांगितलं. पुन्हा ओरडला. तो थांबला नाही. मग गोळी झाडली. बाई वाचली, कारकूनही वाचला, तो तरुण फाटकातच गेला. सगळं नियमाला धरून झालं. “वहिनी, तुमच्या नवऱ्याच्या जागी मी असतो ना,” जाड्या म्हणाला, “तर माझा हात थरथरला असता आणि ती बाई गेली असती.” त्याच्या आवाजात मित्राचा अभिमान होता.

संध्याकाळी तो आला तेव्हा अंगात दुसऱ्याचाच शर्ट होता. बूट न काढता खुर्चीवर बसला. तिने पाणी दिलं, ते हातात धरून ठेवलं. चिमीने चित्र काढलं होतं ते दाखवलं, तर छान आहे म्हणाला, पण चित्र उलटं होतं.

पुढचे काही दिवस घरात माणसांची रीघ लागली. पेपरात फोटो आला. शेजारणी म्हणाल्या, नशीब काढलंत. साहेबांनी सगळ्यांसमोर पाठ थोपटली. तो प्रत्येकाला हो म्हणायचा, बसा म्हणायचा. ते गेले की टेबलावर ब्लँकेट अंथरायचा.

इथून माझं काम वाढलं. आधी मला वाटलं, कौतुक झालंय, गडी जोमात आलाय. एकच शर्ट तो पुन्हा पुन्हा करायला लागला. कॉलर, खांदे, पाठ झटपट उरकायचा आणि बाहीवर आला की अडायचा. घडी पाडायची, पाणी शिंपडून मोडायची, पुन्हा पाडायची. कापड विटून गेलं. ती म्हणायची, अहो, झाली की आता. तो म्हणायचा, सरळ नाही आलेली. मी छातीवर हात ठेवून सांगते, सरळ आलेली होती.

एका रविवारी ती टेबलापाशी शेंगा सोलत बसली होती आणि तो माझ्यावर हात ठेवून उभा होता. आपणहून बोलला. त्या विषयावर तो आपणहून बोलला तो तेवढाच.

“तो पडल्यावर मी त्याला धरायला खाली बसलो. जखमेवर हात दाबून धरला. त्याची बाही माझ्या तोंडासमोर होती. तिच्यावर घडी होती गं. ताजी. सकाळीच कुणीतरी इस्त्री करून दिली होती त्याला.”

तिच्या हातातली शेंग तशीच राहिली. ती म्हणाली, “तुमचा काय दोष त्यात? तुम्ही नियमानेच वागलात.”

“तेच तर. दोष असता तर शिक्षा तरी झाली असती. भोगून मोकळा झालो असतो.”

आणि तो पुन्हा बाहीकडे वळला. मला तेव्हा कुठे कळलं, तो कोणाची घडी पाडत होता ते. कुठल्या तरी घरात, कुठल्या तरी टेबलावर माझीच एखादी बहीण त्या सकाळी तापली होती. तिला पाणी शिंपडणारा हात आईचा होता की बायकोचा, ते याला माहीत नव्हतं आणि विचारायची सोय नव्हती. माझ्या पोटात निखारे असतात असं लोक म्हणतात. त्या दिवशी पहिल्यांदा मला माझाच चटका बसला.

तो रात्री झोपत नसे हे मला सकाळी कळायचं, कारण उजाडायच्या आत माझा दिवा लागायचा. जेवणावरची वासना उडाली. दार वाजलं की भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. बाहेर मात्र यातलं काहीच जात नव्हतं. बाहेर जात होता तो परीटघडीचा गणवेश, आणि तो पूर्वीपेक्षाही झकास होता. त्याचं श्रेय माझं, हे सांगताना आज जीभ जड होते.

मग ती फ्रॉकची सकाळ आली. चिमीचा फ्रॉक टेबलावर होता आणि मी फ्रॉकवर. बाहीशी येऊन त्याचा हात थांबला. नुसता थांबला. डोळे उघडे होते पण तो त्या खोलीत नव्हता. मला स्वतःहून सरकता येत नाही, हे माझं दुःख कोणाला सांगू? कापड पिवळं पडलं, मग तपकिरी, मग धूर निघाला. चिमी मागून आली आणि बाबा जळतंय म्हणत तिने त्याच्या कमरेला हात लावला.

तो गर्रकन फिरला. मी त्याच्या हातात होते. मी तिच्या गालाच्या इतक्या जवळ जाऊन थांबले की तिच्या कपाळावरची बट वाकडी झाली. ती दोन पावलं मागे गेली आणि भिंतीशी उभी राहिली. त्याने मला टेबलावर ठेवलं, जळक्या फ्रॉकवरच. मग खाली बसला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून धरले, जसे काही ते दुसऱ्याचे होते.

त्यानंतर चिमी टेबलाजवळ आली नाही. तिचा नवा फ्रॉक ती आईकडून घडी करून घ्यायची आणि उशीखाली दाबून ठेवायची.

त्या दिवशी तोच घाबरला. आणि एक शहाणपणाची गोष्ट त्याने केली, म्हणून मला अजून त्याच्याबद्दल आशा वाटत होती. तो साहेबांकडे गेला आणि म्हणाला, मला बंदुकीचं काम नको, टेबलाचं द्या, गाड्या धुवायचं द्या, पण हत्यार नको. हे त्याने घरी येऊन बायकोला सांगितलं, म्हणून मला ठाऊक. साहेबांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. बुटापासून टोपीपर्यंत एक सुरकुती नाही. साहेब हसले. म्हणाले, अरे, ज्याचं डोकं फिरतं ना तो आधी गबाळा होतो. दाढी वाढते, बटणं तुटतात. तू तर आरशासारखा लख्ख आहेस. तुझ्यासारखा फाटकावर हवा.

साहेब वाईट होते असं नाही हो. त्यांनी रीतीप्रमाणे डॉक्टरकडेही पाठवलं. डॉक्टरांनी विचारलं, झोप येते का? हा ताठ उभा राहून म्हणाला, येते साहेब. भूक लागते? लागते साहेब. मनात काही येतं का? नाही साहेब. आयुष्यभर ज्याला वरच्याला नाही म्हणायची सवय नाही, त्याने एका खुर्चीसमोर उभं राहून दुसरं काय सांगायचं? मग त्याला नेमबाजीच्या मैदानावर नेलं. त्या लोकांची ती परीक्षा. हात स्थिर असेल तर माणूस स्थिर, असा त्यांचा हिशेब. त्याच्या सगळ्या गोळ्या नेमक्या मधल्या ठिपक्याला लागल्या. जाड्या पेढा मिळाल्यासारखा धावत सांगायला आला, वहिनी, कडकला काही झालेलं नाही.

ती दाराशी उभी राहून ऐकत होती. जाड्या गेल्यावर तिने टेबलाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिच्या डोक्यात काय आलं ते मला तिच्या डोळ्यांतच दिसलं. नवरा आंघोळीला गेला होता. दुसऱ्या दिवशी सकाळी परेड होती आणि गणवेश दोरीवर चुरगळलेला होता. तिने सुरी आणली.

“रागावू नकोस बाई,” ती मला म्हणाली. खरंच म्हणाली, खोलीत दुसरं कोणी नव्हतं. “त्यांना सुरकुत्यांशिवाय काही दिसत नाही. मग त्यांना सुरकुत्याच दाखवू.”

मी रागावले नाही. इतक्या वर्षांत माझ्याशी बोलणारं ते पहिलं माणूस. मी मनात म्हटलं, काप. मी मेले तरी चालेल, पण त्याला चुरगळलेला जाऊ दे, म्हणजे कुणीतरी विचारेल.

तो बाहेर आला, वायर पाहिली. बराच वेळ ते टोक हातात धरून बसला. शेजाऱ्यांकडे जाऊ नका, असं तिने हात जोडून सांगितलं. सकाळी तो तसाच गेला. खांद्याशी गोळा झालेला शर्ट, बाह्यांचा बोळा. ती खिडकीतून त्याच्या पाठीकडे बघत राहिली.

परेडला काय झालं ते जाड्याने सांगितलं. साहेब रांगेपुढून चालत आले आणि याच्यापाशी थांबले. साहेबांनी आवाज खाली आणला आणि विचारलं, “काय झालं रे तुला?”

मी म्हणते, हेच पाहिजे होतं. इतक्या दिवसांत हा प्रश्न कुणी विचारला नव्हता. सगळ्यांनी झोप विचारली, भूक विचारली, निशाण विचारलं. काय झालं ते कुणी विचारलं नव्हतं. जाड्या म्हणाला, कडकने तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. ओठ हलताना दिसले. मग टाचा जुळवल्या आणि म्हणाला, “इस्त्री बिघडली, साहेब.”

रांग हसली. साहेबही हसले आणि त्यांचा जीव भांड्यात पडला असणार. शिस्तीचा भाग म्हणून मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या. सांगताना जाड्यालाही हसू आवरत नव्हतं. ती मात्र दाराची चौकट धरून खाली बसली. जाड्याला वाटलं, नवऱ्याला शिक्षा झाली म्हणून वहिनीला वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी तो घरी आला तो हातात खोका घेऊन. साहेबांनी सगळ्यांकडून पैसे काढून त्याला नवी इस्त्री भेट दिली होती. मोठ्या मायेने दिली होती, खोक्याला रिबीन बांधून. आता सबब नको, असं सगळ्यांसमोर म्हणाले, आणि टाळ्या पडल्या. तिने खोका हातात घेतला, उघडला नाही. एवढं प्रेम करणारी माणसं, आणि त्यांतल्या एकालाही तो दिसेना, तर आता कुणाच्या दारात जायचं, हे तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. तिने पुन्हा सुरी उचलली नाही.

तेव्हापासून नवी इस्त्री टेबलावर आणि मी कपाटावर. ती निळ्या रंगाची आहे, वाफ सोडते, बिचारीचा काही दोष नाही. तो रोज कडक होऊन फाटकावर जातो, खांद्याला बंदूक असते. चिमीला तिचा मामा घेऊन गेला. शाळा तिकडची चांगली आहे असं सगळ्यांना सांगितलं. फोनवर ती आईशी भरभरून बोलते, मैत्रिणी, बाई, मामीचं मांजर. शेवटी हळूच विचारते, नवी इस्त्री कुठे ठेवली आहे? आई म्हणते, उंच ठेवली आहे गं. सुट्टीत ये. ती म्हणते, बघते.

मला माझ्यासाठी काही मागायचं नाही. लोखंड आहे, भंगारात जाईन, वितळेन, कुणाच्या तरी दाराची कडी होईन. पण तुमच्या घरात, शेजारात, कचेरीच्या फाटकावर असा एखादा माणूस असेल, ज्याच्या कपड्यांना सुरकुती नाही आणि जो विचारलं की ठीक आहे साहेब म्हणतो, तर त्याची घडी बघून माघारी फिरू नका. त्याला बसवा. काय झालं ते विचारा, आणि पहिल्या उत्तरावर हसू नका. आमच्याकडे हसले. मला वाटत नाही आता पुन्हा कोणी विचारेल.

दुपारी पहाऱ्यावरून लवकर सुटला तर तो खुर्चीवर चढून मला खाली काढतो. ब्लँकेट अंथरतो. कपाटाच्या तळातून चिमीचा तो जळका फ्रॉक काढतो, बाहीपाशी माझ्या तळाचा तपकिरी ठसा असलेला. तळहातावर पाणी घेतो. कॉलर, खांदे, पाठ, मग बाही. माझं वजन अजून तेवढंच आहे, त्याच्या हाताला ओळखीचं आहे. तापत मात्र मी नाही.

काल ती दाराशी येऊन उभी राहिली. बराच वेळ बघत होती. मग हळूच म्हणाली, “अहो, तिला वायर नाही.”

“माहीत आहे मला,” तो म्हणाला. “ही कुणाला भाजणार नाही.”

ती जवळ आली आणि त्याच्या खांद्यावर हात ठेवणार होती, पण ती त्याच्या मागून आली होती. तिने हात मागे घेतला. वळसा घालून टेबलाच्या पलीकडे गेली, त्याला दिसेल अशी, आणि तिथल्या खुर्चीवर बसली.

“झालंच,” तो म्हणाला. “बाहीच राहिली आहे.”

गार लोखंडाने घडी पडत नाही. त्याने पुन्हा पाणी शिंपडलं.